चिनी शिकताय? मग जेवणाच्या वेळा आधी शिका (सुझोऊला जाणाऱ्याची शंका)

टूलरूमवाला:
नमस्कार मंडळी. चाकणला मोल्डिंगच्या लायनीत आहे. दिवाळीनंतर कंपनी सुझोऊला पाठवतेय, मोल्ड ट्रायलसाठी, दोन-तीन महिने तरी मुक्काम पडेल. शांघायच्या शेजारी आहे, गाव म्हणायचं पण पुण्याहून मोठं. तर फोनवर ऍप टाकून चिनी शिकायला घेतलंय. आकडे झाले, रंग झाले, फळं झाली, 'ही मांजर माझी नाही' एवढं सुद्धा म्हणता येतं आता. पण शॉपफ्लोरवर मांजराशी माझा काय संबंध येणार? मला लागणार ते जेवायची सुट्टी किती वाजता, कॅन्टीन कधी बंद होतं, मी जेवून आलो, जेवणाआधी ट्रायल संपवू, जेवल्यावर मीटिंग घेऊ, असलं. आपल्याकडे पण कारखान्याचं निम्मं बोलणं जेवणाच्या सुट्टीवरूनच चालतं की.
शब्दांची यादी कुठेही मिळते हो, पण यादी पाठ करून तोंड उघडत नाही. कोणी तिकडे राहिलेले, शिकलेले असाल तर सांगा. आणि प्लीज देवनागरीत लिहा, रोमनमधलं वाचलं की माझं सगळं बोलणं इंग्रजाळतं.

नीलमोहर:
छान धागा. मी थोडंफार शिकवते म्हणून लिहिते, लांबेल बहुतेक.
पहिलं म्हणजे इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. का ते बघा. 'मी उद्या दुपारी साडेबाराला जेवतो' हे वाक्य घ्या. चिनीत: वो मिंगथ्येन चुंगवू ष्-अर त्येन पान छ् फान. वो म्हणजे मी, मिंगथ्येन उद्या, चुंगवू दुपारी, ष्-अर बारा, त्येन म्हणजे वाजता, पान अर्धा, छ् फान म्हणजे जेवणं. क्रम बघितलात? तोच आहे. आधी दिवस, मग दिवसाचा भाग, मग घड्याळ, आणि क्रियापद त्यानंतर. इंग्रजीत हे सगळं शेपटापासून उलटं फिरवावं लागतं आणि वर कुठे ऍट कुठे ऑन कुठे इन. इथे ती भानगडच नाही, आपला 'ला' सुद्धा लागत नाही.
आता जेवणं. सकाळचं चाओ-फान, दुपारचं वू-फान, रात्रीचं वान-फान. फान म्हणजे तसं बघितलं तर शिजलेला भात, पण जेवण म्हणूनही तेच. चाओ, वू, वान हे तिन्ही तिसऱ्या सुरातले (खाली जाऊन वर येणारा), फान चौथ्या सुरातला, वरून खाली आपटायचा. सूर तिन्हींचा एकच, म्हणून वू आणि वान यातला स्वर स्पष्ट म्हणा, विशेषतः घाईत बोलताना, नाहीतर दुपारच्या जेवणाचं आमंत्रण रात्रीचं व्हायचं. आणि भाताचा एक वाडगा म्हणजे 'ई वान फान', त्यातला वान वेगळा, लिहायचा वेगळा, पण उच्चार आणि सूर रात्रीच्याच वानचा. संदर्भाने कळतं, घाबरू नका.
साडे, सव्वा, पावणे आपल्याकडे आहेत तसे तिकडेही आहेत. साडेसात: छी त्येन पान. सव्वासात: छी त्येन ई ख. पावणेआठ: छा ई ख पा त्येन, म्हणजे आठाला एक पाव कमी, आपलं पावणे तरी दुसरं काय आहे. दीड आणि अडीचला आपल्यासारखे खास शब्द नाहीत, सरळ ई त्येन पान आणि ल्यांग त्येन पान. दोन वाजता म्हणताना 'अर' नाही, 'ल्यांग' म्हणायचं हे लक्षात ठेवा, बारा वाजता मात्र ष्-अर त्येनच. आणि बारा वाजून पाच मिनिटं म्हणताना मध्ये शून्य बोलायचं, ष्-अर त्येन लिंग वू फन.

पेठकर:
म्हणजे रात्रीचं जेवण वान-फान आणि साडे म्हणजे पान. आम्ही जेवल्यावर पान खातो, हे पान वाजवतात. धागा आवडला, चालू द्या.

आयातनिर्यात:
मस्जिद बंदरला धंदा आहे, ईवू आणि ग्वांगझोऊला येणं-जाणं असतं. व्याकरण नीलमोहर सांगतायत, मी वेळापत्रक सांगतो कारण ते कुठल्या ऍपवर नाही.
चीनचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. तिकडचे बारा म्हणजे आपले साडेनऊ. आपला माणूस दुकान उघडतो, उदबत्ती लावतो, चहा घेतो आणि पहिला फोन लावतो तेव्हा समोरचा बरोब्बर जेवायला बसलेला असतो. मग आपण म्हणतो चिनी लोक फोन उचलत नाहीत. अरे बाबा जेवतोय तो! आणि जेवण झालं की वू-श्यो, म्हणजे दुपारची झोप. यात लाजण्यासारखं काही नाही तिकडे, ऑफिसात टेबलावर उशी टाकून लोक रीतसर झोपतात, दिवे सुद्धा मालवतात. दीड-दोन वाजेपर्यंत हे चालतं म्हणजे आपले अकरा-साडेअकरा. काम असेल तर आपल्या नवाच्या आत नाहीतर साडेअकरानंतर बोला. परत साडेपाच-सहाला ते रात्रीच्या जेवणाला उठतात, आपले तीन-साडेतीन. हो, रात्रीचं जेवण साडेपाच-सहाला. टूलरूमवाले, पोटाला सवय करायला आत्ताच लागा.
शब्द एकच लक्षात ठेवा, फान-त्येन. जेवणाची ठरलेली वेळ. 'ताओ फान-त्येन ल' म्हणजे जेवणाची वेळ झाली. एकदा हे कोणी बोललं की किंमत, क्वालिटी, पेमेंट सगळी बोलणी जागच्या जागी थांबतात. आपण उगाच 'फक्त पाच मिनिटं' करत बसायचं नाही.
अजून एक, हे सुझोऊसाठी खास. चार म्हणजे स् (चौथा सूर) आणि दहा म्हणजे ष् (दुसरा सूर, वर चढणारा). दक्षिणेकडचे आणि त्या शांघाय-सुझोऊ पट्ट्यातले बरेच लोक ष चा स करतात. मग 'स् त्येन' म्हणजे चार वाजता की दहा वाजता? गाडी कधी येणार यावरून कितीतरी घोळ होतात. उपाय म्हणजे बोटं. दोन तर्जन्या एकमेकींवर आडव्या ठेवल्या की दहा. विचारा आणि बोटं दाखवा, कोणी हसत नाही, ते स्वतः पण एकमेकांत करतात.

टूलरूमवाला:
अरे काय भारी माहिती मिळतेय. साडेपाचला जेवण म्हणजे आमच्या घरी तेव्हा पोहे होतात.
एक शंका. चाओ-फान मधला च कुठला? ऍपमधली बाई 'झाओ' आणि 'त्साओ' च्या मध्ये काहीतरी म्हणते.

नीलमोहर:
चोरातला च! चहातला नाही, चोरातला. हीच तर आपली गंमत आहे, हिंदीवाल्यांना हा च नसतो, त्यांना बिचाऱ्यांना महिना लागतो. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, जिथे झेड लिहिलेला दिसेल तिथे डोळे मिटून चोरातला च म्हणा. जिथे जे लिहिलेला असेल तिथे चहातला च. ची त्येन? म्हणजे किती वाजता?, हा चहातला. आणि जिथे झेड-एच असेल तिथे जीभ वळवून, ट म्हणताना जिथे लागते तिथे लावून च म्हणायचा, चुंगवू मधला तो. तीन च झाले, त्यातले दोन आपल्या घरचे.
तसंच पिनयिनमधला बी म्हणजे आपला प, डी म्हणजे त, जी म्हणजे क. इंग्रजी वाचून लोक 'दियान' म्हणतात, ते त्येन आहे. 'गाई' वाचतात ते काय आहे. शब्दशः काय! 'काय छ् फान ल' म्हणजे जेवायला हवं आता.

पेठकर:
आमच्याकडे 'काय, जेवायला हवं आता' असंच म्हणतात. मला आलं चिनी.

वुहानचा_डॉक्टर:
उशिरा आलो धाग्यावर. वुहानला एमबीबीएस केलं, आता नाशिकला आहे. आठवणी जाग्या केल्यात राव.
वुहानला नाश्ता करणं याला वेगळाच शब्द, क्वो-चाओ. इतर बहुतेक चिनी शहरांत सकाळचं खाणं म्हणजे छ् चाओ-फान, वुहानमध्ये मात्र सकाळी भेटलेला माणूस विचारणार क्वो-चाओ झालं का. शब्दाचा अर्थ सकाळ घालवणं, पार पाडणं असा. आणि घालवतात ती रस्त्यावर उभ्याने, हातात कागदी वाडगा, त्यात र-कान-म्येन, म्हणजे तिळाच्या पेस्टमध्ये घोळवलेल्या कोरड्या गरम नूडल्स, आणि डोळा घड्याळावर. बसमध्ये सुद्धा खातात. नऊ-साडेनऊ वाजले की टपऱ्या आवरायला लागतात, नंतर गेलात तर मालक भांडी घासताना दिसेल. आमच्यातले उशिरा उठणारे सगळे मॅगीवर जगले.
युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनला ष्-थांग म्हणतात, कंपनीतही तेच. फान-खा म्हणजे जेवणाचं कार्ड, ते पहिल्या दिवशी मागून घ्या. आणि पहिलं वाक्य हे पाठ करा: 'ची त्येन खाय-फान?' किती वाजता वाढतात? खाय-फान म्हणजे आपण 'पानं घेतलीत' म्हणतो ना, अगदी ते. घरात आई पण हीच हाक मारते, 'खाय-फान ल!' खाय म्हणजे चिनीत उघडणं, सुरू करणं, पण मराठी कानाला ते खायलाच बोलावतात असं वाटतं त्यामुळे विसरायची सोय नाही.
ष्-थांगमध्ये साडेअकराला गेलात तर सगळं मिळेल. साडेबाराला गेलात तर कोबी मिळेल. एकनंतर गेलात तर झाडू मारणारी आजी मिळेल.
आणि 'छ् ल मा?' बद्दल कोणी लिहिलं नाही अजून. खाल्लंस का, जेवलास का. हे आमंत्रण नाही हो! आमच्या बॅचमधल्या दिल्लीच्या एकाला वाटायचं प्रोफेसर रोज जेवायला बोलावतायत. मराठी माणसाला समजवायची गरजच नाही, आपण जिन्यात भेटलेल्याला 'झालं का जेवण' विचारतो तेव्हा त्याला घरी थोडंच नेतो. उत्तर 'छ् ल, नी न?' जेवलो, तुम्ही? संपलं. जेवला नसलात तरी 'छ् ल' म्हणून पुढे जा, नाहीतर समोरच्याला उगाच अडचण. जेवणाच्या आसपासच विचारायचं मात्र, दुपारी चारला विचारलं तर विचित्र वाटतं. तरुण पोरं आता कमी म्हणतात, कारखान्यातले पन्नाशीचे फोरमन मात्र नक्की म्हणणार.
जाता जाता डॉक्टर म्हणून: औषधाच्या खोक्यावर दोन शब्द बघायला शिका, फान-छ्येन म्हणजे जेवणाआधी आणि फान-होउ म्हणजे जेवणानंतर. हे फक्त बोलायला नाही, वाचायलाही यायला हवं. रोज लागणाऱ्या चिनी अक्षरांत मी यांना फार वर ठेवेन.

कशाला_उगाच:
एवढं सगळं कशाला? फोन समोर धरायचा, मराठीत बोलायचं, तो चिनीत बोलतो. आमच्या ऑफिसातला एकजण महिनाभर असाच राहून आला.

आयातनिर्यात:
@कशाला_उगाच, राहता येतं, नाही कोण म्हणतं. पण ऍपला तुम्ही 'जेवून बोलू' सांगितलं की ते काय बोलेल त्याचा भरवसा नाही. धंद्यात 'श्येन छ् फान, चाय ष्वो' हे चार शब्द स्वतःच्या तोंडाने बोललात तर समोरचा हसतो आणि भावात थोडा खाली येतो. आधी जेवू, मग बोलू. बाकी फोन आहेच.

बोरूबहाद्दर:
मला भाषेपेक्षा मागचा इतिहास जास्त आवडतो म्हणून थोडं अवांतर.
जुन्या चीनमध्ये दिवसाचे चोवीस नाही, बारा भाग असायचे, प्रत्येक आपल्या दोन तासांचा. त्यांना नावं होती: मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, सूर्योदय, अशी. त्यातल्या सकाळी ७ ते ९ या भागाचं नावच मुळी ष्-ष्, म्हणजे जेवणवेळ. आणि दुपारी ३ ते ५ हा पू-ष्, तोही दुसऱ्या जेवणावरून. कारण तेव्हा बहुतेकांना दिवसातून दोनच जेवणं. म्हणजे घड्याळावरून जेवण ठरत नव्हतं, जेवणावरून वेळ ओळखायचे. आपल्याकडेही खेड्यात 'न्याहारीच्या वक्ताला ये' म्हणणारी माणसं होतीच की.
वर सव्वामध्ये ख आला ना, तोही जुना. पाणघड्याळावरच्या खाचा म्हणजे ख. आधी दिवसाचे १०० ख असायचे, म्हणजे एक साधारण साडेचौदा मिनिटांचा. १६४५ मध्ये छिंग राजवटीत जेझुइट पाद्र्यांच्या मदतीने केलेलं नवं पंचांग लागू झालं तेव्हा ते ९६ केले, आणि ख बरोबर पंधरा मिनिटांचा झाला.
आणि वेळ मोजायचं माप म्हणूनही जेवण येतं. ई तुन फान त कुंगफु, म्हणजे एक जेवण होईस्तोवरचा वेळ. हो, कुंगफु. त्याचा एक अर्थ वेळ, सवड असाही आहे. चहाचा एक पेला होईपर्यंतचा वेळ, उदबत्ती जळेपर्यंतचा वेळ ही पण मापं आहेत, जुन्या लढायांच्या कथांत सारखी भेटतात.
आता खरी मजा. अख्ख्या चीनला १९४९ नंतर एकच घड्याळ, बीजिंगचं. पश्चिमेला शिंच्यांगमध्ये सूर्य दोन तास उशिरा. तर तिथे ऑफिसं दहाला उघडतात आणि दुपारचं जेवण दोनला. तिथले बरेचसे लोक, विशेषतः उइगुर, घरात दोन तास मागचं स्थानिक घड्याळही पाळतात. त्यामुळे तिथल्या राजधानीत, उरुमचीत, 'बाराला जेवायला भेटू' म्हटलं तर कुठल्या बाराला हा प्रश्न येतो, आणि 'दुपारच्या जेवणाला भेटू' म्हटलं तर येत नाही. आसामच्या चहाच्या मळ्यांत पण असं वेगळं बागान टाइम आहे, एक तास पुढे. असो, टूलरूमवाल्यांना शिंच्यांगचं काही नाही, पण मला राहवलं नाही.

मावशी_कोथरूड:
वाचतेय सगळं, फार छान. मुलगी-जावई ग्वांगझोऊला असतात, मी जाऊन राहते अधूनमधून. मला भाषा येत नाही पण शेजारच्या आजींनी एक शिकवलंय ते लिहिते, चुकलं तर नीलमोहर सांगतीलच.
चाओ-फान याओ छ् हाओ, वू-फान याओ छ् पाओ, वान-फान याओ छ् षाओ. सकाळचं चांगलं खा, दुपारचं पोटभर खा, रात्रीचं कमी खा. हाओ, पाओ, षाओ. माझ्या नातीने गाणं करून टाकलंय त्याचं, त्यामुळे तीन जेवणांची नावं मला कायमची पाठ झाली.
आणि दुसरं ऐकून तर मी उडालेच. फान होउ पाय पू चोउ, ह्वो ताओ च्यो-ष्-च्यो. जेवणानंतर शंभर पावलं चाल, नव्याण्णव वर्षं जगशील. अहो ही तर आपली शतपावली! आजींना मी खुणा करून सांगितलं आमच्यातही शंभरच. मग काय, संध्याकाळी सातला आम्ही दोघी खाली गोल गोल, त्या त्यांच्या भाषेत, मी माझ्या.
ग्वांगझोऊत मात्र सकाळच्या चहाला जायचं म्हणजे चहा नुसता निमित्ताला असतो. वाफवलेल्या टोपल्यांवर टोपल्या येतात, म्हातारी मंडळी पेपर घेऊन दोन-दोन तास बसतात, मुलगी म्हणते याला यम-चा म्हणायचं. तो नाश्ता आहे की जेवण ते मला अजून उमगलेलं नाही. नऊला सुरू झालं ते साडेअकराला उठलो, घरी येऊन काय जेवणार. आणि रात्री अकराला परत बाहेर खायला निघतात, सिउ-ये म्हणतात त्याला.

नीलमोहर:
मावशी, काही चुकलं नाही, उलट दोन्ही अगदी बरोबर. सिउ-ये हे कॅन्टोनीज, म्हणजे ग्वांगझोऊकडच्या बोलीतलं, मँडरिनमध्ये (आपण शिकतोय ती प्रमाण चिनी) श्याओ-ये किंवा उलटं ये-श्याओ, दोन्ही चालतं. रात्री उशिराचं खाणं, हे चौथं जेवण धरा. सुझोऊतही मिळेल, रस्त्यावर काड्यांना टोचून भाजलेलं खाणं मिळतं त्याला षाओ-खाओ म्हणतात.
सुझोऊ-शांघायकडच्या लोकांच्या तोंडी दुपारच्या जेवणाला चुंग-फान आणि रात्रीच्याला ये-फान जास्त बसलंय. वू-फान, वान-फान म्हटलंत तरी समजतं, पण कानावर हे पडलं तर दचकू नका.
आता मला मुळात जे लिहायचं होतं ते. टूलरूमवाले, तुम्ही यादी नको म्हणालात ना, मग हे दोन छोटे शब्द घ्या, त्साय आणि च्यो. पुस्तकं यावर पानंच्या पानं लिहितात, इंग्रजीत समजावताना शिक्षक घामाघूम होतात, मराठीत एका ओळीत होतं.
'तो पाचलाच जेवला.' था वू त्येन च्यो छ् फान ल.
'नऊला कुठे तो जेवला.' था च्यो त्येन त्साय छ् फान.
च्यो म्हणजे आपला 'च', लवकर झालं असं बोलणाऱ्याला वाटतंय. त्साय म्हणजे आपला 'कुठे', 'तेव्हा कुठे', उशीर झाला असं वाटतंय. वेळ घड्याळाची तीच, पण बोलणाऱ्याच्या कपाळावरची आठी त्या एका शब्दात. जागा पण बघा, आपल्यासारखीच वेळेच्या लगेच मागे. मराठीत 'पाचलाच', चिनीत वू त्येन च्यो. एकच फरक लक्षात ठेवायचा, झालेल्या गोष्टीत च्यो असेल तर शेवटी ल येतो, त्साय असेल तर ल लावत नाहीत. (नऊ हा आकडाही च्यो आहे पण तिसऱ्या सुरात, हा 'च'वाला च्यो चौथ्या सुरात. 'नऊलाच' म्हणायचं तर च्यो त्येन च्यो. म्हणून बघा, मजा येते.)
आणखी एक त्याच घरातलं. 'एक वाजला की हो, अजून जेवला नाहीत?' तोउ ई त्येन ल, हाय मेय छ् फान? हा तोउ म्हणजे आपल्या त्या 'की हो' मधली काळजी. आणि बारा वाजत आले, जेवायला हवं: ख्वाय ष्-अर त्येन ल, काय छ् फान ल. ख्वाय म्हणजे होतच आलं.
आता 'जेवून'. आपण ऊन लावतो, ते छ् च्या मागे ल लावतात. छ् ल फान चाय चोउ, जेवून मग जा. छ् ल फान च्यो चोउ, जेवला की निघाला, लगेच. चाय आला की 'मग', थांबवणारा, च्यो आला की 'की लगेच', पळणारा. पाहुण्याला पहिलं म्हणायचं. दुसरं म्हटलंत तर जेवण झालं की चालू पडा असा अर्थ निघायचा.

बोरूबहाद्दर:
'कुठे' आणि 'च' चं हे फारच सुंदर आहे. कधी डोक्यात आलं नव्हतं.

वुहानचा_डॉक्टर:
+१. आम्हाला हे इंग्रजीतून शिकवलं होतं, 'अर्लियर दॅन एक्स्पेक्टेड' वगैरे. परीक्षेपुरतं आलं, बोलताना कधी आलं नाही.

टूलरूमवाला:
नीलमोहरताई, तुमच्याकडे क्लासला यायला हवं होतं. आज दिवसभर मशीनवर पुटपुटत होतो, हेल्परला वाटलं मंत्र म्हणतोय. ही वाक्यं केली, बघा बरं.
एक: वूफान होउ वोमन खाय-हुय. दुपारच्या जेवणानंतर आपण मीटिंग घेऊ.
दोन: नीमन ची त्येन छ् वूफान? तुम्ही किती वाजता जेवता?
तीन: वो ई क श्याओष् छ् फान. मी तासभर जेवलो.

नीलमोहर:
एक आणि दोन उत्तम. तीनमध्ये मराठी आणि चिनीची गट्टी फुटते. 'केव्हा' हे क्रियापदाच्या आधी, आपल्यासारखं. पण 'किती वेळ' हे क्रियापदाच्या मागे जातं. आणि मध्ये फान आडवा येतो म्हणून क्रियापद दोनदा म्हणतात: वो छ् फान छ् ल ई क श्याओष्. मी जेवण जेवलो तासभर, असं. इथे मराठीवर विसंबू नका.
आणि श्याओष् म्हणजे तास, लांबी. त्येन म्हणजे वाजता, जागा. मराठीत 'दोन तास' आणि 'दोन वाजता' यात कधी गोंधळ होतो का? तसंच.

आयातनिर्यात:
मीटिंगचं वाक्य म्हणण्याआधी वू-श्यो संपू द्या टूलरूमवाले. वू-फान होउ म्हणजे एक वाजता असं समजून मीटिंग रूममध्ये जाऊन बसाल तर एकटेच बसाल. वेळ सांगा, ल्यांग त्येन म्हणा.
अजून एक. जाताना कोणीतरी म्हणेल 'काय-थ्येन ईछी छ् फान', एखाद दिवशी एकत्र जेवू. डायरी काढू नका. तारीख आणि वेळ सांगितली तर खरं आमंत्रण, काय-थ्येन म्हटलं तर ते आपलं 'या एकदा घरी'.

पेठकर:
आमच्याकडे 'या एकदा' सुद्धा कोणी म्हणत नाही. 'जेवूनच आला असाल' म्हणतात. त्याला चिनी काय?

नीलमोहर:
@पेठकर, नी खन्तिंग छ् क्वो ल पा. तुम्ही नक्कीच जेवून आला असाल ना. पाठ करा, उपयोग होईल तुम्हाला.

पेठकर:
प्रिंट काढून दारावर लावतो.

मावशी_कोथरूड:
टूलरूमवाले, हॉटेलात वाढणारी मुलगी 'माषांग, माषांग' म्हणते, त्याचा अर्थ लगेच, आत्ता. पण जावई सांगतो की माषांग म्हटलं की आपला एखादा फोन करून घ्यायचा. ई-हुअर म्हटलं, म्हणजे थोड्या वेळाने, तर दोन फोन.

टूलरूमवाला:
हाहा, म्हणजे 'दोन मिनिटात आलो' तिकडेही आहे. सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट मी पण काढतोय.
शेवटची शंका. मी माळकरी घरातला, अंडंसुद्धा नाही. साडेअकराला ष्-थांगमध्ये वेळेवर पोचलो, ची त्येन पण विचारलं, पण ताटात काय घ्यायचं?

नीलमोहर:
'वो छ् सू' म्हणा, मी शाकाहारी खातो. पण नुसत्या तेवढ्यावर जाऊ नका, मटण नाही म्हटलं की वरून डुकराचा खिमा भुरभुरवलेलं वांगं देतात, त्यांच्या मते ती भाजीच. सुझोऊत सकाळी लवकर उठून पहिल्या पाण्यातल्या नूडल्स खायचं लोकांना वेड आहे, थोउ-थांग-म्येन म्हणतात, तुम्हालाही कोणीतरी हौसेने नेणार, आणि तो रस्सा हाडांचा असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. हा विषय मोठा आहे, वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.